दुपारी तीनचा थेंब

वॉर्डात शिरल्याबरोबर मला पेशंट दिसले नाहीत, ट्रे दिसले. ड्रेसिंगला वापरतात ते स्टीलचे किडनी ट्रे. भिंतीवरच्या आमच्या चाळीस सॅनिटायझर डिस्पेन्सरांपैकी बारांच्या खाली एकेक. कुठे ब्रॅकेटला गॉजच्या पट्टीने बांधलेला, कुठे लॉकरवर दोन जुन्या फाइली रचून उंचीला आणलेला. एका नोझलला तर रोलर बँडेज गुंडाळून वर गाठ मारली होती. मेडिसिनचा वॉर्ड तो. अख्ख्या वॉर्डात बँडेज बांधलेला पेशंट हा एकच, आणि त्याचं ड्रॉइंग माझं.

"मॅडम, माझे बारा ट्रे तुमच्या मालाखाली अडकलेत," सिस्टर म्हणाल्या. "सीएसएसडीला मोजून परत द्यायचे असतात. मी काय लिहून देऊ?" सीएसएसडी म्हणजे उपकरणं निर्जंतुक करून देणारा विभाग.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. जानेवारीत बसवले तेव्हा एकातूनही थेंब गळत नव्हता.

मी मूळची झाकणांची बाई. डिप्लोमा मेकॅनिकल, त्यानंतर सोळा वर्षं प्लास्टिक मोल्डिंग: शांपूची झाकणं, तेलाच्या बाटलीची झाकणं, कफ सिरपची मापं. गोरेगावच्या एका गाळ्यात आम्ही पाच जणं काम करतो. २०२० साली सगळ्या मुंबईने केलं तेच आम्हीही केलं, पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड. लोखंडी पाइप, वेल्डिंग, वर बाटली. ते सगळे गळायचे. तेव्हा कुणाला पर्वा नव्हती. बाटली रिकामी व्हायच्या आत दुसरी यायची. पण लाट ओसरल्यावर शहरातल्या एका जुन्या रुग्णालयाने विचारलं की प्रत्येक बेडशेजारी कोपराने दाबायचा, न गळणारा डिस्पेन्सर करून द्याल का. मी हो म्हटलं. झाकणवालीला गळतीचं काय एवढं, असं तेव्हा वाटलं होतं.

आत काय भरायचं ते आधी सांगते, कारण सगळा घोळ त्यानेच घातला. जागतिक आरोग्य संघटनेने हँडरबची, म्हणजे हातावर चोळायच्या सॅनिटायझरची, जी इथेनॉलवाली पाककृती दिली आहे तिच्यात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, बाकी पाणी. इथेनॉल जंतू मारतं, ग्लिसरीन हात फुटू देत नाही, पेरॉक्साइड बाटलीत शिरलेले जिवाणूंचे बीजाणू निकामी करतं. या मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट १७.५ अंश सेल्सिअस. म्हणजे त्याच्या वर तापमान गेलं की ठिणगीने पेटेल इतकी वाफ वर तरंगते. मुंबईत पारा त्याच्या खाली जातो तो हिवाळ्यातल्या काही रात्रीच. तेव्हा जमिनीवर सांडलेला हँडरब हा नुसता पसारा नसतो. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १४९७१ या मानकाप्रमाणे धोक्यांचा जो तक्ता करायचा असतो, त्यात माझ्या पहिल्या दोन ओळी होत्या: पेशंट घसरून पडणे, आग. गळतीचे पैसे वाया जाणे ही ओळ नवव्या नंबरवर होती.

रचना साधी. बाटली सरळ उभी, वरून तोंडात नळी खाली सोडलेली, डोक्यावर पिस्टनचा पंप, पुढे नोझल. कोपराने दांडी दाबली की दीड मिलिलिटर हातावर. आत दोन झडपा: खाली काचेची गोळी, पुढे नोझलमध्ये सिलिकॉनची बदकचोच. दोन्ही फक्त बाहेरच्या दिशेने उघडतात. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

पहिली चूक पाण्याची. दहा नमुने लेथवर करून घेतले, निळं केलेलं पाणी भरलं, गाळ्याच्या भिंतीला दहा दिवस टांगले. खाली टिश्यू पेपर. दहाच्या दहा कोरडे. मी चहा पाजला सगळ्यांना. मग हँडरब भरला आणि तिसऱ्या दिवशी पाच पंपांच्या कडेला काळी कडी उमटली. थेंब नाही, डाग नाही, काळी कडी. कारण अल्कोहोल उडून जातं, पण त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं, ते चिकट असतं आणि गोरेगावची धूळ त्यावर बसते. हा पुरावा मला पुढे फार कामी आला: हँडरब कुठून पाझरतोय हे ओलं बघून कळत नाही, मळ बघून कळतं.

पाणी का थांबलं आणि अल्कोहोल का नाही, याचं उत्तर पृष्ठताणात आहे. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२. पाणी स्वतःला धरून असतं, अरुंद फटीच्या तोंडाशी आलं की गोल होऊन थांबतं. अल्कोहोल थांबत नाही, मिळेल त्या पृष्ठभागावर पसरतं, पसरत पसरत बाहेर येतं. झाकणांच्या धंद्यात सोळा वर्षं मी सगळं पाण्यावर तपासलं होतं आणि कुणी तक्रार केली नव्हती, कारण शांपू आणि तेल दोन्ही घट्ट. नशीब म्हणायचं.

त्या दिवसापासून पाणी बंद. आणि टिश्यूवरही भरवसा बंद. सोनाराकडे असतो तसा दहा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला. भरलेली बाटली पंपासकट सकाळी वजन करायची, संध्याकाळी वजन करायची. काटा खोटं बोलत नाही आणि उडून गेलेलंही मोजतो.

मग ओ-रिंग. पिस्टनवर एक बारीक रिंग असते, अडीच मिलिमीटर जाडीची. ती खाचेत साधारण पाचव्या हिश्श्याने दाबली गेली पाहिजे. कमी दाबली तर पाझरते, जास्त दाबली तर दांडी जड होते आणि रिंग लवकर मरते. आम्ही नागदेवीला गेलो. ज्यांनी नागदेवी स्ट्रीट पाहिली नाही त्यांना सांगते, तिथे रबराच्या रिंगा फुलांच्या गजऱ्यासारख्या तारेत ओवून टांगलेल्या असतात, आणि सगळ्या काळ्या. नायट्राइल रबराची काळी, ईपीडीएम रबराची काळी. मला अल्कोहोल आणि पेरॉक्साइडसाठी ईपीडीएम हवी होती. दुकानदार शपथेवर सांगत होता की तीच आहे. गाळ्यात आणून मी प्रत्येक पाकिटातली एकेक रिंग रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. ईपीडीएम रॉकेल पिऊन फुगते, नायट्राइल जवळपास आहे तशी राहते. सकाळी चारपैकी एका पाकिटातली रिंग तशीच होती. ते पाकीट परत नेलं तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, काळी तर दोन्ही आहे ना?"

ही फुगण्याची विद्या माझ्यावरच उलटली. पंधरा दिवसांनी चांगल्या ईपीडीएमच्या रिंगासुद्धा खाचेबाहेर यायला लागल्या, जणू भिजवलेले हरभरे. जोडणी करणाऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, रिंग आत सरकत नाही म्हणून थोडं व्हॅसलिन लावतो." व्हॅसलिन म्हणजे पेट्रोलियम, रॉकेलचंच भावंड. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं की नको लावू. तेव्हापासून सिलिकॉनचं तेल, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी.

अ‍ॅक्रिलिकचं थोडक्यात उरकते. पंपाचं नळकांडं पारदर्शक असावं, पातळी दिसेल, अशी हौस होती. लेथवर अ‍ॅक्रिलिकचे सुंदर नमुने झाले. अल्कोहोल लागल्यावर आट्यांच्या मुळाशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. कापताना आणि आवळताना आत जो ताण राहतो त्यावर अल्कोहोल नेम धरून बसतं. पॉलिप्रॉपिलीनवर आलो. दिसायला दूधट, पण अल्कोहोलला दाद देत नाही.

पण पॉलिप्रॉपिलीन थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, आणि सगळीकडे सारखं नाही. पहिल्या मोल्डमधून आलेली नळकांडी काट्यावर नापास. रिंग बरोबर, तेल बरोबर, तरी दिवसाला दोन-तीन दशांश ग्रॅम जातच होते. वसईच्या मोल्डवाल्या काकांकडे जाऊन बसले. त्यांनी नळकांडं उजेडासमोर धरलं, अंगठ्याचं नख आतून फिरवलं आणि म्हणाले, "इथे लागतंय." पार्टिंग लाइन. मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात ती रेघ बरोबर पिस्टन घासतो त्या भागातून जात होती. डोळ्याला दिसणार नाही एवढा उंचवटा. रिंग दर खेपेला त्यावरून जाताना उचलली जायची आणि केसाएवढी वाट सोडायची. ड्रॉइंगमध्ये ती रेघ कुठे यावी हे मी लिहिलं नव्हतं. काकांनी आपल्या सोयीने दिली होती, त्यात त्यांची काय चूक? आतला भाग एका अखंड कोअरवर, म्हणजे मोल्डच्या मधल्या एकसंध दांड्यावर, घ्यायचं ठरलं. त्यासाठी मोल्ड पुन्हा उघडावा लागला. त्या महिन्यात आमच्या पाच जणांचे पगार उशिरा झाले.

या सगळ्या खटाटोपात मी वहीत एक रकाना केला होता. तक्रारीत सगळे एकच शब्द लिहितात, "लीकेज". पण आपल्याकडे शब्दांची काय वानवा आहे? ओ-रिंग गेली की पाझरतं. नोझलची झडप नीट मिटली नाही की ठिबकतं. आटे चुकले की ओघळतं. भेग गेली की गळतं. कुणी "लीकेज" म्हणून फोन केला की मी विचारायचे, ठिबकतंय की पाझरतंय? निम्मं निदान फोनवर व्हायचं. जानेवारीपर्यंत चारही थांबले होते. चाळीस बसवले, फोटो काढले.

आणि आता हे बारा ट्रे.

खरं तर पहिली तक्रार मार्चच्या शेवटी आली होती, पाच बेडांची. मी आमच्या फिटरला पाठवलं. तो संध्याकाळी येऊन म्हणाला, "ताई, वॉर्डबॉय मामांनी बाटल्या नीट आवळल्याच नव्हत्या. सगळ्या चाळीस गच्च करून आलोय." मी म्हटलं शाब्बास. हँडरबच्या बाटल्यांच्या तोंडाला २८ मिलिमीटरची दोन मापं येतात, एक २८/४००, एकच वेढा आट्याचा, आणि दुसरं २८/४१०, दीड वेढा. पुरवठादार बदलला की माप बदलतं, आणि चुकीचं झाकण अर्ध्यात अडकून आवळल्यासारखं वाटतं. त्यासाठी आम्ही आत जाड गॅस्केट दिलं होतं, दोन्ही मापांना बसेल असं. तेव्हा आवळणं राहिलं असेल हे मला पटलं.

आवळून आल्यावर दहा दिवसांत पाचाचे बारा झाले.

सिस्टरांनी तक्रारवही पुढे केली. तीन पाळ्या, तीन अक्षरं. सकाळच्या पाळीत लिहिलेलं: "ठीक." दुपारच्या पाळीत: "ठिबकते." रात्रीच्या पाळीत: "खाली चिकट आहे." रोज हेच. बेड नंबर बघितले. बाराच्या बारा एका भिंतीवरचे, ज्या भिंतीसमोर उंच, जुन्या धाटणीच्या खिडक्या. दिशा विचारायची गरज नव्हती; समोर पश्चिमेचं आभाळ दिसत होतं.

"मी आज इथेच थांबते," मी म्हटलं.

"थांबा. पण व्हिजिटिंग अवर्सला खुर्ची मिळणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

दीड वाजता मी स्टूल घेऊन चौदा नंबरच्या बेडजवळ बसले. बेडवरच्या आजींनी माझ्याकडे पाहून कूस बदलली. बाटली अर्ध्याहून थोडी कमी भरलेली. नोझल कोरडं, मी स्वतः पुसलं. दोन वाजता काही नाही. अडीचला खिडकीतून ऊन आधी फरशीवर आलं, मग बेडच्या पायथ्याशी, मग भिंतीवर चढायला लागलं. पावणेतीनला ते बाटलीवर पोचलं. मी हात लावून बघितला, प्लास्टिक कोमट. बाटलीला चिकटवलेला थर्मामीटर सकाळी २८ दाखवत होता, आता ३७, मग ३९.

तीनला पाच-सात मिनिटं कमी असताना नोझलच्या टोकाशी काहीतरी चमकलं. कुणी हात लावला नव्हता. आजी झोपल्या होत्या. बदकचोचीच्या फटीतून एक थेंब येत होता. येत होता म्हणजे पडत नव्हता, फुगत होता. हळूहळू, श्वास घेतल्यासारखा. मग लोंबला, तुटला, ट्रेमध्ये टप्प. लगेच दुसरा सुरू. ४१ अंशांपर्यंत मी वीस थेंब मोजले आणि मग मोजणं सोडून दिलं, कारण मला कळून चुकलं होतं आणि कळल्याची लाजही वाटत होती.

बाटलीत अर्धी जागा हवेची. २५० मिलिलिटर हवा २८ अंशांवरून ४१ वर गेली की ती सुमारे ११ मिलिलिटर जास्त जागा मागते. हे नुसत्या हवेचं. त्यात इथेनॉलच्या वाफेची भर, जी २० अंशांवरून ४० वर जाताना जवळपास तिप्पट दाब देते. या हवेला बाहेर जायला वाट नाही, कारण आम्ही तोंड गॅस्केट घालून गच्च आवळलंय. मग ती खाली द्रवावर रेटा देते, द्रव नळीतून वर चढतो. वाटेत काचेची गोळी. ती बाहेरच्या दिशेने उघडते. पुढे बदकचोच. तीही बाहेरच्याच दिशेने उघडते. दोन पहारेकरी ठेवले, दोघांनी सलाम ठोकून दार उघडलं. पंप दाबायला कोपरच कशाला हवा? ऊन पुरे.

सगळे सुटे धागे मग आपोआप जुळले. भरलेल्या बाटलीत हवा कमी, म्हणून ती गळत नव्हती. अर्धी झालेली गळत होती. जानेवारीत सगळ्या बाटल्या नव्या भरलेल्या. आणि मामांनी ज्या ढिल्या ठेवल्या होत्या त्या आट्यांमधून श्वास घेत होत्या, म्हणून कोरड्या होत्या. आमच्या फिटरने त्या आवळल्या. मी शाब्बास म्हटलं होतं.

सिस्टरांना मी हे सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणूनच सकाळी बाटल्यांचे गाल बसलेले असतात होय? मी म्हणायचे बाटल्याच हलक्या दिल्यात." रात्री थंड झाल्यावर आत पोकळी, बाटली चेपते. हे त्या तीन आठवडे रोज बघत होत्या. वहीत त्याला रकाना नव्हता.

मग त्या म्हणाल्या, "अहो, सलाइनच्या बाटलीला एअर लागते तसंच की. सेटला व्हेंट नसेल तर मुली बाटलीला सुई टोचतात. मी ओरडते त्यांना, पण टोचतात."

ओरडतात ते बरोबरच. टोचलेल्या सुईतून वॉर्डातली हवा गाळल्याशिवाय आत जाते. व्हेंटच्या सेटला म्हणूनच गाळणी असते. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून एक सुई मागून घेतली आणि चौदा नंबरच्या पंपाच्या मानेला, द्रवाच्या वर, टोचून ठेवली. दुसऱ्या दिवशी तीनला नोझल कोरडं. चारला कोरडं. सहा महिने मी प्रत्येक भोक बुजवत बसले होते, आणि काम झालं ते एक भोक पाडल्याने.

भोक तसंच ठेवता येणार नव्हतं. अल्कोहोल उडून जाईल ही माझी भीती काट्याने खोटी ठरवली. एवढ्याशा भोकातून आठवड्याला अर्धा ग्रॅमही गेलं नाही. खरा प्रश्न दोन गोष्टींचा: बाटली आडवी पडली तर, आणि आत काय जाईल.

आत काय जाईल याचं एक उदाहरण माझ्या डोक्यात तेव्हा घोळत होतं. माझं माहेर लालबागचं. परळच्या हाफकिन संस्थेचं आवार लहानपणापासून ओळखीचं. धोक्यांचा तक्ता करताना वाचलं की ती संस्था ज्यांच्या नावाची, त्या शास्त्रज्ञ हाफकिनांची प्लेगची लस १९०२ साली पंजाबात मुल्कोवालला टोचली गेली आणि एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, नंबर ५३-एन. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकिन निर्दोष ठरेपर्यंत १९०७ उजाडलं. बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असं पुढे आलं. बाटलीच्या तोंडातून आत काय जातं हे बाहेर काय येतं याहून महाग पडू शकतं. म्हणून पाच लिटरच्या कॅनमधून अर्धी बाटली वरून भरायची नाही, कंपनीची सीलबंद बाटलीच पंपाला लावायची, हा आमचा हट्ट आम्ही पहिल्यापासून धरला होता. खरेदी विभागाला तो अजून आवडलेला नाही.

व्हेंटसाठी आधी पडदा लावून पाहिला. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, पांढरा, टिकलीएवढा. हवा सोडतो, पाणी अडवतो. पाणी! मी पुन्हा तिथेच. अल्कोहोलने तो पडदा भिजतो, आणि एकदा भिजला की द्रवही सोडतो. आडवी ठेवलेली बाटली दहा मिनिटांत टिकलीतून घळाघळा. तेलालाही भिजू न देणारे पडदे मिळतात, पण ते महाग आणि हजारांच्या लॉटमध्ये. आम्हाला चाळीस हवे होते.

शेवटी उत्तर घरच्या ओट्यावर होतं. कुकरची शिट्टी. वाफ वाढली की आधी शिट्टी उचलली जाते; सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच्या बराच नंतर. कोण आधी उघडेल हे वजनाने ठरवलेलं असतं. मला तेच हवं होतं: व्हेंट आधी, नोझल नंतर. सिलिकॉनची छोटी छत्रीझडप घेतली, मधोमध बदकचोच असलेली. छत्री हवा बाहेर सोडते, चोच आत घेते, आणि एरवी दोन्ही मिटलेल्या. छत्री उघडायचा दाब ठेवला १० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा. नोझलच्या झडपेमागे स्प्रिंग घातली, द्रवाला न लागेल अशी बाहेरून, आणि ती ४० सेंटिमीटरला उघडेल अशी केली. दहाच का? बाटलीचा व्यास सात सेंटिमीटर. ती आडवी पडली तर छत्रीवर जास्तीत जास्त सात सेंटिमीटर द्रव येणार, आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं. म्हणजे आडवी पडली तरी गळत नाही. पूर्ण उलटी केली तर गळेल. उलटी करू नये.

दाब मोजायला महागडं यंत्र नव्हतं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवली, प्लायवूडच्या तुकड्यावर ठोकली, शेजारी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी चिकटवली, निळं पाणी भरलं. प्रत्येक झडप त्यावर फुंकून पाहिली, चाळीसच्या चाळीस. चार टाकून दिल्या.

मे महिन्यात नव्या मानांसह सगळे पुन्हा बसवले. रोज दोनदा वजन, खिडक्यांसमोरच्या भिंतीचं मी स्वतः. वॉर्डातल्या नर्स मुली हसायच्या, बाळाचं वजन करतात तसं बाटल्यांचं करतेय म्हणून. मी किती वेळा दाबलं ते मोजायला सांगितलं होतं, ते अर्थातच कुणी मोजलं नाही. म्हणून दोन बाटल्यांच्या दांड्या बांधून ठेवल्या आणि त्यांच्यावरच भिस्त ठेवली. बाटलीवर ४२ अंश गेलेल्या दुपारी मी पुन्हा स्टूल घेऊन बसले. नोझल कोरडं. तीन वाजले, साडेतीन वाजले. एवढा कंटाळवाणा दीड तास मी इतक्या आनंदाने कधी घालवला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात एक गळलं. अठरा नंबर. धावत गेले. बघते तर व्हेंटच्या भोकावर चिकटपट्टी, नीट कापून, कोपरे दाबून लावलेली. मावशींना विचारलं. "ताई, तिथं भोक राहिलं होतं तुमच्याकडून. हवा येत होती. मी बंद केलं," त्या म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना, कारण मीही अर्धं वर्ष तेच केलं होतं. पुढच्या लॉटमध्ये व्हेंट मानेच्या कॉलरखाली नेला, जिथे तो दिसत नाही आणि पट्टी पोचत नाही.

मेअखेरीला सिस्टर म्हणाल्या, "आता माझे ट्रे." मी आणि मामांनी मिळून ते गोळा केले. तळाला ग्लिसरीनचा काळा थर होता. गरम पाण्याने घासावे लागले. सीएसएसडीच्या खिडकीवर मोजले तर अकरा. यादीत बारा. सगळ्या भिंती पुन्हा पाहिल्या, लॉकर पाहिले, बाथरूम पाहिलं. बारावा शेवटी मामांना सापडला, ड्यूटी रूममधल्या औषधांच्या फ्रिजखाली. फ्रिज गळत होता.